उभी पिन, आडवी पिन

चामराजपेट, बंगळूर
६ जुलै २०२५

प्रिय उल्के,

काल मुग्धा कोरमंगलाहून आली होती. "मावशी, आईने तुला ऑपरेशनचं कळवलं ना? नाहीच म्हणते आहे ती," म्हणाली. मी "हो तर" म्हणाले आणि तुझ्या लेकीला आणखी एक चिरोटा वाढला. ती गेल्यावर तुझं मागचं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात गॅसवाल्याबद्दल दीड पान आहे. ऑपरेशनबद्दल काही नाही. शेवटी मात्र "मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे" असं आहे.

बेळगावच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये दर रविवारी घरी पत्र लिहायला बसवायचे तेव्हा हे वाक्य फळ्यावर लिहिलेलं असायचं, आठवतं? ते उतरवल्याशिवाय पाकीट चिकटवायला मिळायचं नाही. तुला गोवर झाला होता त्या रविवारीही तू ते सुवाच्य अक्षरात लिहिलं होतंस. तेव्हापासून तुझ्या पत्रात ते वाक्य दिसलं की मी काळजीत पडते. तेव्हा नीट लिही. कसलं ऑपरेशन, कधी, आणि तू नाही का म्हणते आहेस?

माझं काम चालू आहे. इथल्या शिवाजीनगरच्या पलीकडचं ते जुनं मिशन हॉस्पिटल मी तुला एकदा दाखवलं होतं. फाटकाशी चाफा आहे ते. तिथले साठ-सत्तरच्या दशकातले बायकांच्या वॉर्डचे केसपेपर इतकी वर्षं तळघरात होते. ते साफ करून, लावून, त्यांची सूची करायची. लॅबच्या लायब्ररीत मी आयुष्यभर जे केलं तेच, फक्त इथे पुस्तकांना ताप असायचा. बायकांची नावं बाहेर सांगणार नाही असं मी लिहून दिलं आहे, त्यामुळे तू विचारू नकोस.

सगळ्यात मोठं काम पिनांचं. प्रत्येक बाईच्या कागदांना एक लोखंडी टाचणी आहे आणि प्रत्येक टाचणी गंजलेली आहे. मी ज्या प्रशिक्षणाला गेले होते तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की जुन्या कागदातलं लोखंड आधी काढायचं. मी काढते. कागद सुती नाडीने बांधते. पहिल्या मांडणीवरच्या कागदांचे तर कोपरे ओले करून गंजही उतरवला आणि वरून पातळ कागदाची ठिगळं लावली. इतकी सुबक लागली, की शिवणाच्या सिस्टरने पाठ थोपटली असती. मग मनगट दुखायला लागलं, म्हणून पुढच्या मांडण्यांवर नुसत्या पिना काढते आहे. डाग तसेच राहतात. विद्याधरनी जमिनीवर पडलेल्या टाचण्या गोळा करायला त्यांच्या कारखान्यातलं लोहचुंबक दिलं आहे. निवृत्त होताना ह्यांनी तेवढंच आणलं.

तुझी
सुलभा


पुणे
१७ जुलै

प्रिय सुलू,

मुग्धाला बजावलं होतं, सुलूमावशीला सांगू नकोस. तिचे कान उत्तम आहेत, पण वापरत नाही.

कानामागचं हाड कोरून आत एक यंत्र बसवायचं आहे. मग म्हणे मला ऐकू येईल. सध्या कुकरच्या शिट्ट्या मी डोळ्यांनी मोजते, दारावरची बेल म्हणजे माझ्यासाठी भिंतीवरचं एक बटण आहे, आणि बँकेतला मुलगा माझ्याशी बोलताना इतकं तोंड पसरतो, की मला त्याच्या दाढा पाठ झाल्या आहेत. तरी चाललं आहे.

डॉक्टर फार तर तिशीचा असेल. माझ्यासाठी कागदावर लिहून देतो, "काही होत नाही, आजी." श्रीरंगच्या डॉक्टरनेही हेच म्हटलं होतं. तेव्हा मला ऐकू येत होतं. साधा हर्निया. जाताना श्रीरंग मला म्हणाला, वाल भिजत घाल, परवा घरी येऊन बिरडं खातो. वालांना मोड आले. तो आला नाही. नवऱ्यासाठी भिजवलेले ते वाल मी सोलले, कारण बाकी काय करायचं सुचत नव्हतं.

मी पोरींना अडतीस वर्षं गणित शिकवलं. "काही होत नाही" हे उत्तर मी कोणाला पास करायला दिलेलं नाही. मला आकडे हवेत, आणि आजकालच्या हॉस्पिटलांचे नकोत, ते जाहिरातीसारखे असतात. तुझ्याकडे साठ वर्षांपूर्वीच्या बायका आहेत. त्यांच्यात कानामागचं हाड कोरलेल्या असतीलच. तेव्हा कान फुटला की हेच करायचे. त्यांना ईथर हुंगवायचे, औषधं बेताची होती. त्यातून त्या घरी गेल्या असतील, तर मी का जाणार नाही? आणि नसतील गेल्या, तर मला दाढा बघत जगता येईल.

नावं नकोत. घरी गेल्या की नाही, एवढंच कळव. तुझं उत्तर येईल तसं मी डॉक्टरला हो किंवा नाही सांगेन.

मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे.

उल्का


चामराजपेट
३ ऑगस्ट

उल्के,

तुझ्या शेवटच्या ओळीवर मी लाल रेघ मारली आहे.

कानाच्या बायका शोधल्या. आहेत. पण तू मागतेस ते कागदावर नाही. दाखल केल्याची तारीख आहे, ताप आहे, ऑपरेशन कोणी केलं ते आहे, पथ्य आहे. पहिले दोन दिवस पेज, मग सूप, मग "रुग्ण तक्रार करते, भात मागते". आणि तिथे कागद संपतो. घरी गेली, वारली, काही नाही. मला आधी वाटलं एखाद्याच बाईचं राहिलं असेल, पण सगळ्यांचंच असं आहे. वॉर्डमधल्या सगळ्या बायका भात मागतात आणि नाहीशा होतात.

आमचे रेकॉर्ड ऑफिसर हयवदन राव म्हणाले, शेवट ऑफिसातल्या वेगळ्या वहीत लिहीत असत, आणि ती वही वाळवीने खाल्ली. वाळवीबद्दल ते अगदी आदराने बोलतात. "त्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर अजून आहेत," म्हणाले. "वरच्या मजल्यावर. ब्याण्णव वर्षांच्या. मनात आलं तर भेटतात."

सिस्टर लिओनिल्डा मंगळूरच्या. माझ्याशी त्या कोंकणी मिसळून बोलतात, मी त्यांच्याशी मराठी, आणि अडलं की दोघी इंग्रजी. पहिल्या भेटीत त्यांनी माझं कॉन्व्हेंट कुठलं ते विचारलं, मला सरळ बसायला सांगितलं आणि झोपल्या. मी अर्धा तास सरळ बसले. पाठ अजून दुखते आहे, पण सवय मोडलेली नाही हे पाहून बरं वाटलं. पुन्हा जाईन.

तोवर डॉक्टरला काही सांगू नकोस. आणि उल्के, मी खाली तळघरात ईथरच्या जमान्यातल्या बायका शोधायच्या आणि तू त्यावर तुझा कान ठरवायचा, हे शहाणपणाचं आहे का, याचा एकदा विचार कर.

सुलभा


पुणे
१२ ऑगस्ट

सुलू,

केला. आहे.

डॉक्टरने १४ ऑक्टोबर दिली आहे, म्हणजे तुला तोवर वेळ आहे. सिस्टरना जागं असताना गाठ.

उल्का


चामराजपेट
३० ऑगस्ट

प्रिय उल्के,

बसून वाच. मी बसूनच लिहिते आहे, कारण उभं राहण्याची माझी लायकी नाही.

काल सिस्टर जाग्या होत्या. मी त्यांना दाखवायला एका बाईचा गठ्ठा वर नेला होता. पांढरीशुभ्र नाडी, सुबक गाठ. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "पिन कुठे आहे, बाये?"

मी सांगितलं, काढली. लोखंडाने कागद खराब होतो.

"आणि मग ही घरी गेली की वर गेली, हे तुला कसं कळणार?"

त्यांच्या वॉर्डात केसपेपर खाटेच्या पायाशी लटकवलेले असायचे. शेजारणी वाचायच्या. एक बाई गेली, तिच्या कागदावर तसं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या बाजूच्या बाईने ऑपरेशनला जायला नकार देऊन खाटेचा गज धरून ठेवला. तेव्हापासून सिस्टरनी कागदावर शेवट लिहिणंच बंद केलं. बाई घरी गेली, की कागदाच्या कोपऱ्याला पिन उभी टोचायची. वारली, की आडवी. नर्सना कळायचं, डॉक्टरांना कळायचं, बायकांना कळायचं नाही. पंचवीस वर्षं त्या वॉर्डात एकीलाही कळलं नाही. आणि आता मलाही कळणार नाही, कारण त्या सगळ्या पिना मी काढून बोर्नव्हिटाच्या डब्यात भरून ठेवल्या आहेत. डबे शेल्फवर ओळीने आहेत. वर "पिना" असं लेबल लावलं आहे. मीच लावलं.

सिस्टर मला रागावल्या नाहीत. "तुझा दोष नाही. कॉन्व्हेंटच्या मुली फार नीटनेटक्या असतात," एवढंच म्हणाल्या.

मी खाली जाऊन हयवदन रावांना सांगितलं. त्यांनी एक डबा उचलून हलवून पाहिला. मग म्हणाले, "सरी, मेडम," म्हणजे ठीक आहे, "पण पॅकिंग फार छान झालं आहे."

संध्याकाळी शिवाजीनगरहून घरी येताना बस मार्केटपाशी अडकली. खिडकीत बसून मी विचार करत होते, की त्या बायकांना मी दुसऱ्यांदा नाहीसं केलं. आणि तुझं उत्तरही त्यांच्याबरोबर गेलं.

सुलभा


पुणे
६ सप्टेंबर

सुलू,

रडून झालं असेल तर तुझंच पहिलं पत्र वाच. तू लिहिलं आहेस, "मनगट दुखायला लागलं, म्हणून पुढच्या मांडण्यांवर नुसत्या पिना काढते आहे. डाग तसेच राहतात."

डाग उभा आहे की आडवा, ते बघ. मठ्ठ.

उल्का


चामराजपेट
१८ सप्टेंबर

प्रिय उल्के,

तू वर्गात नेहमी पहिली यायचीस ते मला कधीच आवडलं नाही. अजून आवडत नाही.

डाग आहेत. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात दोन भोकं आणि त्यांच्यामधून गेलेली तपकिरी रेघ, पिनेएवढी लांब. मी त्या बघून बघून वैतागत होते, त्या तुझ्या बायका होत्या. जिथे मी मन लावून काम केलं, ती पहिली मांडणी कायमची गेली. तिथे नुसती माझी ठिगळं आहेत. जिथे मी आळस केला, तिथे सगळं शाबूत आहे. विद्याधर म्हणाले, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं. आता सूचीत प्रत्येक नोंदीपुढे मी "डाग: उभा" किंवा "डाग: आडवा" असं लिहिते.

कानाच्या बायका सगळ्या दुसऱ्या मांडणीवर आहेत, म्हणजे वाचल्या. एकेकीचा कागद मी खिडकीपाशी नेऊन पाहिला. त्यात भात मागणारी होती. उभी. डॉक्टरांना "हातोडीवाला" म्हणणारी होती, तसं नर्सने लिहून ठेवलं आहे. उभी. एक मास्तरीण होती, वॉर्डातल्या बाकीच्यांना रागे भरायची. तीही उभी. मला तिची फार भीती वाटत होती. आडवी एकही नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. असती तर लिहिली असती. माझ्यावर विश्वास नसेल, तर निदान माझ्या कामावर ठेव.

एक मात्र तिरकी आहे. सिस्टरना विचारलं. त्या इतक्या हसल्या की नर्स धावत आली. म्हणाल्या, "ती पळाली! ऑपरेशनच्या सकाळी मोगऱ्याचा गजरा घेऊन येते म्हणून फाटकाबाहेर गेली, ती गेलीच. घरीही नाही, वरही नाही. मग मी पिन तिरकी लावली." एवढं सांगून त्या झोपल्या.

तेव्हा आता १४ तारखेला जा. मी तिकीट काढून येऊ का? ह्यांचं जेवण बाहेरून लावता येईल.

सुलभा


पुणे
१५ ऑक्टोबर

सुलू,

तू येऊ नकोस, मुग्धा आहे, असं कळवलं होतं. बरं झालं आली नाहीस.

काल सकाळी मला हिरवा झगा घातला. मुग्धा सह्या करायला खाली गेली. समोरच्या खाटेवर एक माणूस होता, श्रीरंगच्या वयाचा. तो बायकोशी काहीतरी बोलत होता. मला ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता येतात. डाळ भिजव, म्हणत होता.

मी झग्यावर साडी गुंडाळली आणि रिक्षाने घरी आले. रिक्षावाल्याने काही विचारलं असेल तर मला ऐकू आलं नाही. मुग्धा माझ्याशी बोलत नाही. तेही मला ऐकू येत नाही, त्यामुळे फरक कमी पडतो.

कोपऱ्यातली पिन बघ. ओळख.

जेवण चांगलं आहे म्हणणार होते. जेवलेले नाही.

उल्का


चामराजपेट
२३ ऑक्टोबर

प्रिय उल्के,

पिन ओळखली. तिरकी. शाळेत रुमाल तिरका लावलास म्हणून तुला व्हरांड्यात उभं केलं होतं. तेव्हाही तू सरळ केला नव्हतास.

तुझं पत्र घेऊन मी सिस्टरकडे गेले. त्यांनी पिनेला बोट लावून पाहिलं, म्हणाल्या, "बरोबर लावली आहे." मग म्हणाल्या, "पण तू त्या पळालेल्या बाईचा कागद नीट बघितला नाहीस, बाये."

खाली जाऊन पाहिला. तिरक्या डागाच्या खाली अजून एक डाग आहे, पुसट. मी तो ओघळ समजले होते. ओघळ नाही. उभा आहे.

ती परत आली होती. दसरा-दिवाळी करून, पोराचा हात धरून, स्वतःच्या पायांनी. म्हणाली, कान ठणकतो, करा काय करायचं ते. सिस्टरनी तिला नवे कागद दिले नाहीत. "पळाली म्हणून बाई बदलत नाही," म्हणाल्या. जुनेच काढले, पावसाळ्यात गंजून गेलेली तिरकी पिन उपसली, आणि ती घरी गेली तेव्हा त्याच कोपऱ्यात नवी उभी लावली. सिस्टर मला म्हणाल्या, तुझ्या मैत्रिणीला सांग, परत येणाऱ्या बाईला मी कधी रागावले नाही. फक्त गजरा कुठे आहे, एवढं विचारलं.

श्रीरंगचं मला माहीत आहे, उल्के. त्याची पिन कोणी सरळ करू शकत नाही. आणि त्या समोरच्या माणसाचं काय झालं, ते तुलाही माहीत नाही, मलाही नाही. तो कदाचित आत्ता डाळीची आमटी खात बसला असेल.

सोबत तुझं पत्र परत पाठवते आहे. त्याची मागची बाजू कोरी आहे. तुला नवीन कागद मिळणार नाही.

सुलभा


पुणे
२९ नोव्हेंबर

सुलू,

मागच्या बाजूला लिहिते आहे. कोपऱ्यात आधीची दोन भोकं आहेत, त्यामुळे पिनेला जागा जरा कमी पडली.

गुरुवारी केलं. काल घरी आले. डोक्याला इतकं मोठं बँडेज आहे की मुग्धा मला महाराज म्हणते. ती आता बोलते, म्हणजे ओठ हलवते. यंत्र अजून बंद आहे. चालू करायला महिन्याने बोलावलं आहे. चालू झाल्यावर काय ऐकू येईल ते डॉक्टरलाही नक्की माहीत नाही. यावेळी त्याने "काही होत नाही" असं लिहिलं नाही. "बघू या, आजी" असं लिहिलं. मी त्याला पास केलं.

जाण्याआधी वाल भिजत घातले होते. आज मोड आले आहेत. मुग्धा सोलते आहे, अर्धे तुकडे करून.

सिस्टरना सांग, गजरा आणायला विसरले.

मी मजेत आहे. हॉस्पिटलचं जेवण भयंकर होतं.

उल्का


चामराजपेट
६ डिसेंबर

प्रिय उल्के,

पत्र मिळालं. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. मग ह्यांना दाखवलं, हयवदन रावांना दाखवलं आणि वर जाऊन सिस्टरना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला नाही, कोपऱ्यावरून नुसतं बोट फिरवलं आणि झोपल्या.

यंत्र चालू झालं की तू फोन करशील. मी उचलेन, पण फार बोलणार नाही. पत्रात लिहायला काही उरायला हवं.

तुझं पत्र मी नाडीने बांधून माझ्या पेटीत ठेवलं आहे. उभी पिन काढलेली नाही. गंजू दे.

सुलभा